शाडूच्या गोळ्यातला समुद्र

पालकहो, सुट्टीत मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न घरोघरी असतो. छंदवर्गाची फी सर्वांनाच परवडते असे नाही. पण किलोभर शाडू माती परवडते.

गेल्या सुट्टीत वस्तीतली मुले घेऊन बसलो. विषय ठरवला लक्षद्वीपच्या समुद्रातले प्राणी, तेही गमतीदार. केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रातली ही बेटे प्रवाळांची आहेत. प्रवाळ हे इवलेसे जीव. त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे थर साचून ही बेटे तयार झाली. वस्ती दहाच बेटांवर आहे. भोवतीच्या उथळ पाण्यात कासवे, ऑक्टोपस, खेकडे आणि रंगीबेरंगी मासे राहतात.

एका मुलीने ऑक्टोपसला चष्मा लावला, पण हात सहाच केले. मी लगेच हटकले, "आठ पाहिजेत!" तिने गोळा मोडला आणि उठून गेली. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी तिला एवढेच सांगितले, की ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते. तिने आपणहून आठ हात मोजून केले, अंगावर तीन बदाम काढले. चष्मा तसाच राहिला!

कृती सोपी आहे. माती कणकेसारखी मळावी. जाड अंग आतून पोकरावे, नाहीतर वाळताना तडे जातात. हातपाय जोडताना दोन्हीकडे काडीने चरे पाडून पातळ माती लावावी. सावलीत वाळवावे, मगच रंग द्यावा. समुद्री कासवाची मान बाहेरच ठेवावी. त्याला डोके कवचात ओढून घेता येत नाही. पाय वल्ह्यासारखे चपटे करावेत.

एक खेकडा गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो. अंग वाढले की मोठा शंख शोधतो. मुलांनी त्याच्या शंखाला दार, खिडकी आणि वर पाण्याची टाकी केली. भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलांना हा खेकडा समजावून सांगावा लागला नाही.

रंग न दिलेले खेळणे मोडले तर पाण्यात भिजत घालावे. माती पुन्हा तयार. मुलाचे मन मात्र एकदा मोडले, की इतक्या सहज जुळत नाही. म्हणून आधी माहिती द्यावी, मग हात मोकळे सोडावेत.