डोळे जातायत, आणि आपण थेंब बदलतोय!

डोळा लाल झाला की आपल्याकडे पहिला डॉक्टर म्हणजे मेडिकलवाला. "मागच्या वेळचेच थेंब द्या." तो देतो. लाली जाते, महिन्याने परत येते. पुन्हा तेच थेंब. वर्षाने पेशंट म्हणतो, "दिसायचं कमी झालंय."

मंडळी, प्रत्येक लाल डोळा म्हणजे 'डोळे आलेत' असं नसतं. डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, तर तो युव्हायटिस असू शकतो. म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. अनेकदा त्यात जंतू नसतोच, शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटलेली असते.

ते 'मागचे थेंब' बऱ्याचदा स्टेरॉइडचे असतात. डॉक्टरच्या नजरेखाली तेच डोळा वाचवतात. मनाने महिनोन्‌महिने घातले तर मोतीबिंदू, काचबिंदू. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठीशिवाय हे थेंब विकायचे नाहीत, असा नियम आहे. तपासतो कोण?

दुसऱ्या बाजूला 'साइड इफेक्ट नाही' म्हणणारे जडीबुटीवाले. मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी जाहिराती येतात. छापणारे आमचेच पेपरवाले!

आणि स्टेरॉइडला खरा पर्याय आहे. मेथोट्रेक्सेट. संधिवाताची जुनी, स्वस्त गोळी. 2019 साली 216 रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय त्यात होतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के लोकांचा दाह सहा महिन्यांत, स्टेरॉइड खूप कमी करून, आटोक्यात आला. तुलनेतलं महागडं औषध मायकोफेनोलेट याहून सरस ठरलं नाही. एवढ्यावरही भागलं नाही तर अडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे. 2014 पासून त्याचा भारतीय बनावटीचा अवतारही मिळतो, पण तो गरिबाच्या खिशाबाहेरच.

मात्र ही गोळी मेडिकलवरून मनाने आणायची नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. गरोदरपणात चालत नाही. रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी लागतात. आधी टीबी आहे का तेही बघावं लागतं, कारण टीबीनेही असाच डोळा लाल होतो.

म्हणजे अडचण औषधाची नाहीच. अडचण आहे ती डोळ्याचा डॉक्टर, रक्ततपासणी आणि गोळी एका छपराखाली नसण्याची. आयुष्मान कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं. हा आजार ओपीडीत वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे कार्ड खिशात आणि खर्च पदरचा.

मोतीबिंदूच्या शिबिरांचे फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना एवढंच विचारायचंय: सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक दिवस युव्हायटिसची ओपीडी, फुकट गोळी आणि फुकट तपासणी, याला किती पैसे लागतात? एका स्वागत कमानीएवढे तरी?

पटत असेल तर शेअर करा. आणि घरातली ती अर्धी बाटली आज डॉक्टरला दाखवा.