दारुड्याच्या गाडीला कुलूप : खर्च कोणी सोसावा?

अमेरिकेत दारू पिऊन मोटार हाकताना सापडलेल्या माणसाच्या गाडीत सरकारी हुकमाने एक यंत्र बसवितात. त्यास इग्निशन इंटरलॉक म्हणतात. चालकाने प्रथम नळीत फुंकर मारायची. श्वासात दारूचा अंश ठरलेल्या मर्यादेपलीकडे निघाला तर इंजिन सुरूच होत नाही. वाटेतही मधूनमधून फुंकावे लागते. प्रत्येक फुंकरीची नोंद यंत्रात राहते व ती पुढे अधिकाऱ्यांकडे जाते.

न्यू मेक्सिको राज्याने २००५ साली पहिल्याच गुन्ह्यापासून हे यंत्र सक्तीचे केले : पहिल्या गुन्ह्यास एक वर्ष, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन, आणि चौथ्यास जन्मभर. आज तेथील पन्नासही राज्यांत या यंत्राविषयी कोणता ना कोणता कायदा आहे.

यंत्र फुकट मिळत नाही. भाडे व तपासणी मिळून महिन्याला साधारण ६० ते १०० डॉलर पडतात, आणि ते गुन्हेगाराने द्यायचे असतात. पण मजुराने कोठून द्यावेत? त्याला सूट द्यावी तर निधी हवा. शिवाय नोंदी तपासणारे अधिकारी, न्यायालयाचा वेळ, चुकवेगिरी करणाऱ्यांवर नजर, हा भार शेवटी जनतेवरच येतो. तेव्हा पुष्कळ जण विचारतात, "दारू त्याने प्यायची आणि पैसे आम्ही का भरायचे?"

प्रश्न रास्त आहे. पण आम्हास वाटते, तो अर्धाच विचारला जातो. यंत्र नसले म्हणून खर्च टळतो काय? २०२३ साली अमेरिकेत दारूबाज चालकांमुळे झालेल्या अपघातांत १२,००० हून अधिक माणसे मेली. रुग्णवाहिका, इस्पितळ, पोलीस, तुरुंग, कर्ता पुरुष गेलेले घर, यांचा खर्च कोण भरतो? शेताला बांध घालताना पैसे लागतात, हे आपण जाणतो. पण बांध नाही म्हणून वाहून गेलेली माती विकत मिळत नाही.

म्हणून आमचे मत असे : जो देऊ शकतो त्याच्याकडून पूर्ण वसूल करावे आणि त्याच पैशांतून गरिबाला हातभार द्यावा. न्यू मेक्सिकोत असा निधी आहे. गरीब आहे म्हणून यंत्रातून सुटका नको, आणि पैसे नाहीत म्हणून तुरुंगही नको.

मात्र यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नये. ते गाडीत असेपर्यंत गुन्हे बरेच कमी होतात. काढल्यावर तो गुण पुष्कळसा ओसरतो. कुलूप गाडीला लागते, व्यसनाला नाही. त्यासाठी उपचार व घरच्यांची साथ हवी. यंत्रावर खर्च करून उपचारावर हात आखडणे म्हणजे विहीर खणून मोट न बसविण्यासारखे आहे.

आपल्या देशात असे यंत्र सक्तीचे नाही, कायदा मात्र कडक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक दारू आढळली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी चढलेली दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच ती पचविते. त्याला तास लागतात. म्हणून बंधुभगिनींनो, लग्नाला किंवा फेस्ताला ट्रॉली भरून निघताना परतीला कोण हाकणार हे घरीच ठरवा, आणि त्याच्या हाती पेला देऊ नका. या कुलपाला एक पैसाही पडत नाही.