नखरे पोरांचे नाहीत, आपले आहेत

महाड-पोलादपूरच्या कुठल्याही मोहल्ल्यात पाहुणे म्हणून जा. चहा यायच्या आधी तक्रार येते, "आमचा पोरगा काही खातच नाही. भाजी बघितली की तोंड फिरवतो."

परवा एका घरात हेच ऐकत होतो. तो 'काही न खाणारा' चार वर्षांचा पोरगा समोरच बसला होता, एका हातात चिप्सचं पाकीट, दुसऱ्या हातात मोबाईल. त्याआधी चहात बुडवून चार बिस्किटं झाली होती. तासाभराने ताट आलं, त्याने मान फिरवली. आई म्हणाली, "बघितलंत ना भाईजान?" मी बघितलं होतं. पोटभर खाल्लेला मुलगा बघितला होता.

थोडं शरीराचंही समजून घेऊ. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. यात आजार काही नाही. वजन वाढायचं थांबलं किंवा मूल सुस्त पडलं तर डॉक्टर गाठावा, ते वेगळं. पण आपण आधीच घाबरतो. ताट घेऊन मागे धावतो, मोबाईल दाखवून घास कोंबतो आणि शेवटी हरून पाकीट फोडतो. 'नको' म्हटलं की खारट-गोड मिळतं, हा हिशेब पोराला दोन दिवसांत कळतो. त्यात सकाळ-संध्याकाळचा चहा. चहाने भूक मरते, आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोहही अंगी लागत नाही.

आता आपल्या नखऱ्यांकडे येतो. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, जवळ्याची चटणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा. आपल्या दाद्या-नान्यांच्या चुलीवर हेच होतं. मग आखाती देशांतून पैसा आला आणि हे 'गरिबांचं खाणं' ठरलं. पाहुण्यापुढे नाचणीची भाकरी ठेवायची आपल्याला लाज वाटते. पोरं ही लाज बघतात आणि शिकतात. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं. तीच नाचणी 'रागी' नाव लावून, साखर घालून डब्यातून आली की आपण मेडिकलमधून पाचपट पैसे देऊन आणतो!

अनोळखी चव मुलाच्या जिभेला पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण दोनदा देतो आणि 'याला आवडत नाही' असा शिक्का मारतो. काय शिजवायचं, कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं हे मुलावर सोडावं. जबरदस्ती नको, लाच नको.

आपल्याला तर यासाठी लांब जायची गरज नाही. पैगंबरांनी (स.) कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकदा घोरपडीसारख्या प्राण्याचं मांस समोर आलं. आमच्या मुलखात हे नसतं, म्हणून मन घेत नाही, एवढं सांगून ते थांबले. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी तेच मांस खाल्लं, त्यांना अडवलं नाही. म्हणजे 'नको' म्हणायची मोकळीक आहे, नावं ठेवायची नाही, आणि दुसऱ्याच्या ताटावर हुकूम चालवायचा तर नाहीच. आपल्या दस्तरखानावर मात्र पहिलं नाव बापच ठेवतो, "आज परत वरण-भात?" आणि पोराने भाजी खावी अशी त्याचीच अपेक्षा.

हा मोठ्यांचा नखरा घरापुरता असता तर एक वेळ चाललं असतं. तो मंत्रालयातही आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. कुणावर सक्ती नव्हती. तरी विरोध झालाच. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा निधी बंद झाला. द्यायचंच असेल तर शाळेने लोकवर्गणी काढावी, असं सांगण्यात आलं. वीटभट्टीवर राबणारे कातकरी आई-बाप कुठून वर्गणी देणार? त्यांची पोरं नखरे करत नाहीत, त्यांना नखरे परवडत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. या मुलांना पोटभर खायला मिळण्याआधीच मोठ्यांनी त्यांच्या ताटातून अंडं उचललं.

हे महाड आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी इथे चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कुणी काय प्यावं हे दुसरा ठरवणार नाही, हे या गावाने जगाला दाखवलं. त्या गावातल्या लोकांनी शाळेतल्या अंड्यासाठी बोलायला नको? शाळा व्यवस्थापन समितीत आपण बसतो ते फक्त सह्या करायला?

शाळेच्या पुढच्या बैठकीत अंड्याचा विषय काढा. आणि आज रात्री घरी पाकीट आणू नका. नाचणीची भाकरी करा, मोबाईल बाजूला ठेवा, सगळे एका दस्तरखानावर बसा. पोराने नाही खाल्लं तर ओरडू नका. तुम्ही मात्र खा, आणि चवीने खा. तो बघतो आहे.