अस्सल म्हणजे काय रे भाऊ?

मुहर्रकला राहायचं म्हणजे 'अस्सल' या शब्दाशी रोज गाठ. आपल्या आज्या ज्यांना बसरा मोती म्हणायच्या, त्यातले कितीतरी याच बेटांभोवतीच्या समुद्रातले, मुंबईच्या बाजारातून नथीत जाऊन बसलेले. बहारीनमध्ये कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि २०१७ पासून 'दानात' नावाची संस्था मोती तपासून दाखला देते. मोती वरून कितीही सुंदर असो, आत काय आहे ते क्ष-किरणच सांगतात.

पण आजचा विषय मोती नाही, गाडी! आखातात जुन्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन पुष्कळ. ऑफिसातला एक मित्रही त्या नादी लागलाय. गावाकडे घर बांधायला साठवलेल्या पैशातून त्याला १९६९ ची शेवरोले कॅमारो घ्यायची आहे. विकणारा म्हणतो, ही 'झेड-२८' आहे आणि 'मॅचिंग नंबर्स' आहे. या दोन शब्दांवर किंमत साध्या कॅमारोच्या दुप्पट-तिप्पट होते. म्हणून हे पुराण.

झेड-२८ जन्मली ती ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीसाठी. तिथे इंजिनाला ५ लिटरची मर्यादा, म्हणून ३०२ घन इंचाचं खास इंजिन. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या झाल्या, १९६९ मध्ये २०,३०२. बाकी सांगाडा साध्या कॅमारोचाच. म्हणजे पट्टे रंगवले, बिल्ले लावले की बारसं झालं!

मग चॅसिस नंबर बघावा? मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्यातली नोंदही पैसे भरून मागवता येते. १९६९ च्या कॅमारोचा नंबर मात्र मॉडेल, व्ही-८ की सहा सिलिंडर, वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक एवढंच सांगतो. झेड-२८ आहे की नाही याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून इंजिन बघायचं. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिन जुळवल्याची तारीख, 'डीझेड' ही अक्षरं आणि चॅसिस नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. ब्लॉक ओतल्याची तारीख मागच्या बाजूला वेगळी: अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा निघाला तर नमस्कार करून निघायचं. नुसत्या ओतीव क्रमांकावर भाळू नये. ३९७००१० हा क्रमांक १९६९ च्या ३०२ वर सापडतो, तसाच नंतरच्या असंख्य ३५० इंजिनांवरही. आणि कारखान्यातूनच एसी घेऊन आलेली १९६९ ची झेड-२८ असूच शकत नाही. तो पर्यायच नव्हता. (ऑगस्टात बहारीनमध्ये विनाएसी गाडी चालवणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत!)

आता खरी गोम. ती सपाट जागा ब्लॉकच्या माथ्याच्याच पातळीत असते. इंजिन ओव्हरहॉल करताना मशीन शॉपमध्ये माथा घासून सपाट केला की नंबर पुसला जातो. म्हणजे एखाद्या मेकॅनिकने इमानेइतबारे दुरुस्त केलेलं मूळ इंजिन बिननंबरी होतं, आणि कुठून तरी आणलेल्या ब्लॉकवर नवे ठसे मारणारा बहाद्दर 'मॅचिंग' ठरतो! जाणकार म्हणूनच आकड्यांआधी पृष्ठभाग बघतात. कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा तिथे असाव्या लागतात. आकडे ठसठशीत आणि रेघा गायब, तर संशय घ्यावा.

माझं मत असं की बाजाराने तीन शब्दांची गल्लत केली आहे. गाडीबरोबर आलेला भाग तो मूळ. त्याच जातीचा, त्याच काळातला, पण दुसऱ्या गाडीचा तो योग्य. आज नव्याने बनवलेला तो नक्कल. तिन्ही चालतात, सांगून विकले तर. उष्णता आणि खारट दमट हवा यांत रेडिएटर, रबर, पत्रा बदलावाच लागतो. इथल्या गॅरेजांमध्ये ही कामं कोण करतं? बहुतेक आपलीच माणसं. त्यांच्या हातामुळे गाडी चालती राहिली. ते बिल फाडून टाकायचं आणि गाडी 'अनटच्ड' म्हणून विकायची, याला मी चोरी म्हणतो.

भारतातही हा प्रश्न आता दाराशी आला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. हेतू चांगला आहे. पण 'मूळ' या शब्दाला किंमत आली की तो बनवणारेही येतात, हे आखाताने आणि अमेरिकेने पाहिलं आहे. आपल्याकडच्या फियाट-अँबॅसिडरवाल्यांनी आजपासूनच दुरुस्तीची बिलं आणि फोटो जपून ठेवावेत.

मित्राला मी इतकंच सांगितलंय: विकणाऱ्याला 'काय मूळ आहे' हे विचारू नकोस, 'काय काय बदललं' ते विचार. 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेव. सत्तावन्न वर्षांत काहीच बदललं नाही असं माणसाबद्दलही म्हणवत नाही, मग गाडीचं काय घेऊन बसलात!