चंद्रांची खानेसुमारी पुरे

मार्च २०२५ मध्ये शनीच्या चंद्रांच्या यादीत एकदम १२८ची भर पडली आणि आकडा २७४वर गेला. बातमी झाली ती आकड्याचीच. पण चंद्र किती, यापेक्षा ते करतात काय, हा प्रश्न कितीतरी रंजक आहे. नव्याने मोजलेले हे चंद्र शनीपासून फार दूर फिरणारे, जेमतेम काही किलोमीटरचे खडक. त्यांच्याच मापाचा, पण कड्यांच्या आत फिरणारा डॅफ्निस बघा.

कॅसिनी यानाला तो २००५ मध्ये सापडला. रुंदी सुमारे ८ किलोमीटर. तरी 'ए' कड्यातली जवळपास ४० किलोमीटरची फट तो एकटा मोकळी राखतो.

गंमत अशी की, गुरुत्वाकर्षण ओढतं, पण इथे परिणाम ढकलल्यासारखा होतो. फटीच्या आतल्या बाजूचे, शनीजवळचे बर्फकण डॅफ्निसपेक्षा जोरात पळतात. ते त्याला मागे टाकून पुढे गेले की तो त्यांना मागे खेचतो. त्यांचा कोनीय संवेग घटतो आणि ते शनीकडे सरकतात. बाहेरचे कण संथ. त्यांना चंद्र पुढे ओढतो, म्हणून ते आणखी बाहेर जातात.

या ओढाताणीत फटीच्या कडांवर लाटा उठतात. एंके नावाच्या दुसऱ्या एका फटीच्या अशाच लाटांवरून खगोलशास्त्रज्ञ मार्क शोवॉल्टर यांनी पॅन हा चंद्र १९९० मध्ये हुडकला, तोही व्हॉयेजर-२ने १९८१ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांत. नऊ वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

अशा चंद्रांना 'मेंढपाळ' म्हणण्याची पद्धत आहे. पण 'एफ' कड्याशेजारचा प्रोमीथियस दर फेरीत त्याच कड्यातला माल ओढून काढतो. कुंपणच शेत खातं! 'ए' कड्याची बाहेरची कड सांभाळण्याचं श्रेय बराच काळ जेनस या एकट्या चंद्राला मिळालं. २०१७ मधल्या अभ्यासाने ते सात चंद्रांत वाटून दिलं.

चंद्रांचा आकडा पुन्हा बदलेल, तेव्हा तो पाठ करून घेण्याआधी शिक्षकांनी मुलांना कॅसिनीचं २००९ मधलं एक छायाचित्र दाखवावं. तेव्हा सूर्यप्रकाश कड्यांवर अगदी तिरपा पडत होता. जेमतेम दहा मीटर जाडीच्या कड्यावर डॅफ्निसने उठवलेल्या, किलोमीटरहून उंच लाटांच्या सावल्या त्यात दिसतात. नासाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट पाहता येतं.