खासदाराने काय विचारले, ते आधी बघा

प्रचारात स्थलांतराचा विषय निघाला की तो नेहमी दुसऱ्यांबद्दलचा असतो: घुसखोर, परप्रांतीय, बाहेरचे. पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या धानपट्ट्यातल्या गावांत मात्र हा विषय आधी घरच्या माणसांचा आहे. खरिपाचा धान निघाला की हाताला काम उरत नाही. मग कोणी नागपुरात बांधकामावर जातो, कोणी हैदराबादची वाट धरतो, आणि पूर्व विदर्भातून बायाबापड्यांच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला निघतात. याच तालुक्यात १९८८ साली गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले आणि पुढे त्या पाण्याने कितीतरी गावे उठवून दुसरीकडे बसवली. म्हणून लोकसभेचा उमेदवार ‘स्थलांतरावर माझी भूमिका ठाम आहे’ असे म्हणतो, तेव्हा मतदाराने दोन गोष्टी तपासायच्या असतात. देशात कोणी यावे याबद्दल तो काय म्हणाला आहे, ही एक. आणि गाव सोडून जाणाऱ्यांबद्दल त्याने कधी तोंड उघडले आहे का, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे सरकारी कागदांत सापडतात. ते कागद कसे वाचावेत याबद्दल मात्र आपल्याकडे गोंधळ आहे. आपण मतदानाच्या नोंदीला नको तितके महत्त्व देतो आणि विचारलेल्या प्रश्नांकडे ढुंकूनही पाहत नाही. मला वाटते, क्रम उलटा हवा.

याच भंडाऱ्यात एक उमेदवार असा उभा राहिला होता, की ज्याची या विषयावरची भूमिका शोधायला कोणाच्या भाषणाला जायची गरज नव्हती. मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या राखीव जागेवर लढले. १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांच्यातल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा दाखला देऊन आपले मत सविस्तर मांडले होते. १९४७ च्या अखेरीस, केंद्रात कायदामंत्री असताना, पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना त्यांनी भारतात येण्याचे जाहीर आवाहन केले आणि त्यांच्या सुटकेबद्दल पंडित नेहरूंना पत्रही लिहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे त्यांनीच मांडली, आणि एक कलम सोडले तर मसुदा समितीची इतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याही कलमाने केली नाही, अशी कबुलीही दिली. ग्रंथ, पत्र आणि सभागृहातले भाषण असे तीन वेगळ्या काळांतले, तीन वेगळ्या प्रकारचे कागद मतदारापुढे होते. तरी बाबासाहेब हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. चोख नोंद असली म्हणजे मते मिळतात असा दावा म्हणूनच मी करणार नाही. नोंदीने निवडणूक जिंकता येत नाही. मत देताना आपण कशाला मत देतो आहोत, एवढे तिच्यामुळे कळते.

घटना समितीतल्या त्याच चर्चेत विदर्भाचाच दुसरा आवाज नोंदला गेला आहे. अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांना मसुद्यातले नागरिकत्व फारच स्वस्त वाटले. जगात कुठेही राहणारा, दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख भारतीय नागरिकत्वाला पात्र ठरावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती फेटाळली गेली. २०१९ साली नागरिकत्वाच्या ज्या वादावरून देश ढवळून निघाला, त्याचे बीज सत्तर वर्षांपूर्वीच्या या पानांत आहे, आणि दोन्ही बाजूंना बोलणारी माणसे आपल्या वऱ्हाड-विदर्भाशी नाते असलेली आहेत. (शिक्षणमहर्षी म्हणून पंजाबरावांचे पुतळे गावोगावी उभे आहेत, ही दुरुस्ती फार थोड्यांना आठवते.) त्या नोंदीची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. पंजाबराव काँग्रेसचे होते आणि मसुद्याच्या विरोधात बोलले. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून छत्तीस वर्षे होती. त्यामुळे कागदावर दिसते ते त्यांचे स्वतःचे मत आहे.

आजच्या खासदाराच्या मतदानाबद्दल तसे म्हणता येत नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली. पक्षाचा व्हिप मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर खासदारकी जाऊ शकते. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले. कोण कोणत्या बाजूला होते ती नावे कामकाजात छापलेली आहेत. पण शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. महाराष्ट्रात तिच्या नेतृत्वाखालचे नवे सरकार येऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. त्या दोन दिवसांत एखाद्या खासदाराचे मतपरिवर्तन झाले, असे कोणी समजत असेल तर तो फारच भाबडा म्हणायचा. ती नोंद पक्षाच्या गरजेची आहे. आणि निदान तिथे नावे तरी आहेत. २०२५ साली परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचे, वास्तव्याचे आणि हकालपट्टीचे जुने कायदे गुंडाळून एक नवा कायदा आला. २७ मार्चला लोकसभेने आणि २ एप्रिलला राज्यसभेने तो आवाजी मतदानाने मंजूर केला. आवाजी मतदानात ‘होय’चा गलबला मोठा की ‘नाही’चा, एवढेच पीठासीन अधिकारी ठरवतात. तुमचा खासदार त्या दिवशी बाकावर बसून काय म्हणाला, हे त्या मतदानातून कोणालाही सांगता येणार नाही.

मग उरते काय? उरतात खासदाराने आपणहून केलेल्या गोष्टी. लेखी प्रश्न, शून्य प्रहरात उचललेला विषय, नियम ३७७ खालचे निवेदन, खासगी विधेयक, सुचवलेली दुरुस्ती. यांना व्हिप नसतो. प्रश्न विचारला नाही म्हणून कोणाची खासदारकी जात नाही. म्हणूनच विचारलेल्या प्रश्नाला अर्थ असतो. सर्वांत बोलका दाखला १४ सप्टेंबर २०२० चा आहे. टाळेबंदीत मजूर पायी निघाले होते. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले. पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता, पण लेखी उत्तरे चालू होती. परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, सरकारकडे राज्यवार आकडे आहेत का, आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असे लोकसभेत विचारले गेले. कामगार मंत्रालयाचे उत्तर आले की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि भरपाईबद्दल, वरील उत्तर पाहता हा प्रश्नच उद्भवत नाही. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा मात्र सरकारकडे होता. परतलेले मोजले, मेलेले मोजले नाहीत, हे देशाला कळले ते कोणीतरी रीतसर प्रश्न टाकला म्हणून. ज्या खासदारांनी त्या अधिवेशनात हा विषय काढला त्यांची नावे लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत. ज्यांच्या मतदारसंघातले मजूर तेलंगणातून चालत आले आणि तरी ज्यांनी एक ओळही विचारली नाही, त्यांची यादी कोणी छापत नाही. ती आपण करायची असते.

प्रश्नांची नुसती संख्या मोजून भागत नाही, हे मान्य. अधिवेशनभर रेल्वेचा थांबा आणि मंजूर निधी असे ठरीव प्रश्न टाकून आकडा फुगवता येतो. प्रश्न विकलेही गेले आहेत. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, आणि त्यांत खानदेशातलेही होते. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, त्यामुळे त्याचे पान कोरे दिसते. म्हणून प्रश्न वाचावा लागतो, त्याची तारीख बघावी लागते. निवडणुकीच्या तोंडावर विचारलेला आणि तीन वर्षे आधी, कॅमेरे नसताना विचारलेला, यांत फरक असतो. पुढच्या अधिवेशनात त्याचा पाठपुरावा झाला का, हेही तिथेच दिसते. पाठपुरावा नसेल तर तो प्रश्न विचारणाऱ्याचा नसून कोणीतरी लिहून दिलेला होता, असे समजायला हरकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: पहिल्यांदाच उभा राहिलेल्या उमेदवाराचे काय? त्याचे संसदेत काहीच नाही. उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र २००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे आपल्याला मिळते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण असते, भूमिका नसते. पण आपल्याकडे कोरा उमेदवार फार क्वचित असतो. बहुतेकजण जिल्हा परिषद, पंचायत समिती, सहकारी संस्था किंवा विधानसभा यांतून आलेले असतात. जिल्हा परिषदेच्या सभेची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागता येतात. विधानसभेचे कामकाज तर मराठीतच छापलेले असते. रोजगार हमीची कामे कधी सुरू झाली, पुनर्वसित गावठाणांच्या पाण्याचा विषय सभेत कोणी काढला, हे त्या इतिवृत्तांत आहे. मजुराला गाव का सोडावे लागते याचे उत्तर दिल्लीइतकेच तिथेही असते, आणि घुसखोरांवर तासभर बोलणाऱ्याने त्याबद्दल पाच वर्षांत काय केले ते पाहणे अवघड नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रोवणीत पाय बुडालेल्या माणसाने ही पाने कधी वाचायची? त्याने वाचायची नाहीतच. हे काम जिल्हा वार्ताहरांचे, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या राज्यशास्त्राच्या वर्गाचे आणि गावच्या वाचनालयाचे आहे. प्रत्येक अधिवेशन संपले की भंडारा-गोंदियाच्या खासदाराने काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अर्ध्या रकान्यात बसते. आपण वाढदिवसाच्या शुभेच्छांना त्याहून जास्त जागा देतो.

अमेरिकेत निम्मे काम संसदच करते. तिथल्या प्रतिनिधीगृहात हजर असलेल्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावानिशी मतदान घ्यावेच लागते, आणि प्रत्येकाचे मत लगेच जाहीर होते. बेळगाव परिसरात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून तिथे निवडून गेले. स्थलांतराच्या एखाद्या विधेयकावर नावानिशी मतदान झाले, की त्यांनी काय केले हे डेट्रॉइटचा मतदार दोन मिनिटांत बघतो, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्यांची जागा जात नाही. आपल्याकडे एखाद्या सदस्याने आवाजी मतदानाला हरकत घेतली तर मतविभागणी होऊ शकते, पण ती विनाकारण मागितली आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना नुसते उभे करून मोजू शकतात. मग नावे राहत नाहीत. नागरिकत्व आणि परदेशी नागरिक यांविषयीच्या विधेयकांना तरी अंतिम मंजुरीच्या वेळी नावानिशी मतदान सक्तीचे करायला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाचे नियम बदलले की पुरते. बटणे बाकावर बसवलेली आहेतच. वेळ वाया जाईल असे सांगणाऱ्यांनी २०१९ च्या त्या रात्रीचे कामकाज उघडून बघावे. चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालली, आणि त्या मानाने मतविभागणीला लागला तो वेळ अगदीच किरकोळ होता.