खारेपाटातील जिवाणू आणि फुटका बांध

भाताच्या मुळांशी राहून रोपाला खारेपणा सोसण्यास साहाय्य करणारे जिवाणू ही कृषिशास्त्राने कष्टकऱ्याला दिलेली मोलाची देणगी आहे. समाजवाद्यांनी तिचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. परंतु शोधाचे मोल तो कोणाच्या हाती पडतो आणि कोणाच्या कर्तव्याची जागा घेतो, यावरही ठरते. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणच्या खारेपाटापुरता तरी हा प्रश्न स्पष्टपणे विचारावयास हवा.

खाऱ्या जमिनीत पाणी असूनही रोप तहानलेले राहते. क्षार मुळांना पाणी शोषू देत नाहीत आणि सोडियम पेशींत साचून विषासारखा बाधतो. या ताणाखाली रोपात इथिलीन हे संप्रेरक वाढते व मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते ते द्रव्यच पचवितात. काही चिकट स्रावात सोडियम धरून ठेवतात. काही स्फुरद विरघळवितात, तर काही हवेतील नत्र रोपाला मिळवून देतात. लावणीपूर्वी मुळे त्यांच्या द्रावणात बुडवावयाची, एवढाच खटाटोप. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षार सोसणाऱ्या जिवाणूंपासून ‘हॅलो-अॅझो’, ‘हॅलो-पीएसबी’ यांसारखी जिवाणूखते तयार केली आहेत. 1969 साली स्थापन झालेली ही संस्था जनतेच्या पैशावर उभी आहे, हे विसरता येणार नाही.

मात्र या उपायाला मर्यादा आहेत. मातीतील क्षारतेचे माप प्रतिमीटर 3 डेसीसीमेनच्या पुढे गेले की प्रत्येक एककामागे भाताचे उत्पादन सुमारे 12 टक्क्यांनी घटते. समुद्राच्या पाण्याचे हेच माप 50 च्या घरात असते. जिवाणू ही घट थोडीफार भरून काढू शकतील. उधाण अडविणे त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम बांधाचे. पावसाने धुतलेले क्षार उघाडीवाटे खाडीत जावेत आणि भरतीचे पाणी आत येऊ नये, या एका व्यवस्थेवर सारी खारशेती तगून आहे. बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, तर शेतात कांदळवन उगवते. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस बंदी घातली. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण शासनाच्या दिरंगाईने उगवलेल्या कांदळवनाची किंमत शेतकऱ्याने आपली जमीन गमावून का मोजावी?

खारेपाटातील जमीन कोणा खोताने घडविलेली नाही. पिढ्यान्पिढ्या कुळांनी चिखल उपसून ती समुद्राकडून मिळविली. म्हणूनच खोतशाहीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत संप चालविला, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. पुढे 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने या जमिनींच्या संरक्षणाचे दायित्व शासनाकडे आले. खोताच्या जोखडातून सुटलेला शेतकरी आज फुटक्या बांधापुढे हतबल व्हावा आणि ‘नापीक’ ठरलेली त्याची जमीन मातीमोलाने दलालाच्या हाती जावी, यापेक्षा त्या लढ्याची मोठी विटंबना कोणती?

अशा वेळी जिवाणूंची बाटली बांधाची बदली म्हणून पुढे केली जाण्याचा धोका आहे. बाटली वाटणे स्वस्त, समारंभाला सोयीचे; बांध बांधणे खर्चाचे आणि जबाबदारीचे. त्यातच बाटली खासगी कंपनीची असेल, तर आणखी एक खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसेल. शिवाय उत्तरेकडील मैदानातील चोपण जमीन व कोकणची खार एक नव्हे. तेथे यशस्वी झालेले जिवाणू येथे पारखूनच घेतले पाहिजेत.

तेव्हा मागणी दुहेरी असावयास हवी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांड बुजवावी, उघाड्या दुरुस्त कराव्यात आणि खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा. त्याचबरोबर कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राला पुरेसा निधी द्यावा, खारेपाटातल्याच मातीतील जिवाणूंच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या शेतांत घ्याव्यात आणि सिद्ध झालेले खत सहकारी संस्थांमार्फत अल्प दरात पुरवावे. त्या मातीतील जिवाणूंवर पहिला हक्क ती माती घडविणाऱ्यांचा आहे.

शास्त्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेले पाहिजे, ही घोषणा जुनीच आहे. पण त्यासाठी आधी बांध शाबूत असावा लागतो.